इंटीरियर डिझाइनमध्ये करिअर: कोर्स, साइट, ड्रॉइंग, फी (माहितीचा धागा)

मापटं

दहावी-बारावीचे निकाल लागले की इथे एकच प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर फिरतो: "इंटीरियर डिझाइन करायचंय, कुठला कोर्स?" उत्तरं विखुरली जातात आणि बहुतेक उत्तरं कॉलेजच्या नावापाशीच थांबतात. म्हणून हा वेगळा धागा. प्रवेश कसा, कामात रोज काय करावं लागतं, चुका कुठे होतात, पैसे कसे घ्यायचे, हे सगळं इथे लिहा. अनुभवाच्या गोष्टींसाठी दुसरे धागे आहेत. इथे मापं, आकडे आणि पद्धत द्या, म्हणजे नवीन माणसाला ते वहीत उतरवून घेता येईल.

सुरुवात प्रवेशापासून करतो.

दहावीनंतर: तंत्रशिक्षण मंडळाची तीन वर्षांची इंटीरियर डिझाइनची पदविका. पॉलिटेक्निकचा साचा असल्यामुळे ड्राफ्टिंग आणि बांधकामाचं साहित्य यांवर भर असतो.

बारावीनंतर: मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये इंटीरियर डेकोरेशनचा जुना विभाग आहे. प्रभादेवीच्या रचना संसदेत इंटीरियरचं स्वतंत्र शिक्षण मिळतं. महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर अहमदाबादला सेप्ट विद्यापीठ आहे, आणि एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्था) फर्निचर आणि इंटीरियर डिझाइन ही शाखा आहे. एनआयडीची प्रवेश परीक्षा वेगळी असते. बारावी कुठल्याही शाखेची चालते का, हे त्या-त्या संस्थेच्या त्या वर्षीच्या पत्रकात बघा.

आर्किटेक्चर हा तिसरा रस्ता. पाच वर्षं, नाटा (आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा) किंवा जेईईचा दुसरा पेपर, आणि नंतर आर्किटेक्चर कौन्सिलची नोंदणी.

ओळंबा

चांगला धागा. एक कायदेशीर मुद्दा आधीच स्पष्ट करतो, कारण पालक नेहमी इथे अडखळतात. 1972च्या आर्किटेक्ट्स ॲक्टने "आर्किटेक्ट" ही उपाधी राखून ठेवली आहे. नोंदणी नसेल तर ती कार्डावर छापता येत नाही. "इंटीरियर डिझायनर" या नावाला असं कुंपण नाही. म्हणजे पदवी नसली तरी व्यवसाय करता येतो. याचा अर्थ पदवी निरुपयोगी आहे असा नाही. पदवी दाखवून इथे काम मिळत नाही, ड्रॉइंग दाखवून मिळतं, एवढाच अर्थ. इंडियन इंटीरियर डिझायनर्सची संस्था (आयआयआयडी) 1972पासून आहे. तिचं सभासदत्व ऐच्छिक असलं तरी कार्यक्रम आणि ओळखींसाठी उपयोगाचं आहे.

आणखी एक. कोर्स निवडताना फीच्या आधी तीन गोष्टी विचारा. वर्षात किती साइट-भेटी? वर्कशॉपमध्ये मुलं स्वतः लाकूड कापतात का? शेवटच्या वर्षी पूर्ण वर्किंग ड्रॉइंगचा (मिस्त्री ज्यावरून काम करतो ती मापांची ड्रॉइंग) संच करून घेतात की फक्त थ्रीडी चित्रं? तिसऱ्याचं उत्तर "थ्रीडी" असेल तर ते शिक्षण अपुरं आहे.

चित्रकला_नाही

हात चांगला नाही, चित्र काढता येत नाही. अशा माणसाने यावं का? आणि सहा महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सबद्दल काय मत आहे?

गुण्या

यावं. सुंदर चित्र लागत नाही, स्पष्ट रेघ लागते. साइटवर मिस्त्री समोर उभा असताना पेन्सिलीने प्लायवर दोन मिनिटांत जोडाचा छेद काढून दाखवता आला पाहिजे. ते सरावाने येतं.

ऑनलाइन कोर्समध्ये ऑटोकॅड, स्केचअप आणि रेंडरिंग (खरं वाटणारं थ्रीडी चित्र) चांगलं शिकवतात. तिथे माप घेणं शिकवता येत नाही, आणि या धंद्यातल्या निम्म्या चुका मापाच्या असतात. म्हणून कोर्सला पैसे भरण्याआधी एक काम करून बघा. राहत्या घराचं पूर्ण मोजमाप घ्या.

पद्धत अशी. 5 मीटरची टेप, जमल्यास लेझर मीटर, ओळंबा, आणि हाताने काढलेला कच्चा नकाशा. प्रत्येक भिंत तीन ठिकाणी मोजायची: जमिनीलगत, कमरेपाशी, छताजवळ. मग खोलीचे दोन्ही कर्ण. कर्ण सारखे नसतील तर खोली गुण्यात (काटकोनात) नाही, आणि बहुतेक खोल्या गुण्यात नसतात. कोपरा तपासायला 3-4-5: एका भिंतीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट खूण करा, तिरकं अंतर बरोबर 5 फूट आलं पाहिजे. खिडकीची सिल (खालची कड) आणि लिंटल (वरची तुळई) किती उंचीवर, बीम खोलीत किती खाली आणि किती बाहेर, कॉलमचे कोपरे, प्रत्येक स्विचबोर्डचं भिंतीच्या टोकापासून अंतर, नळांचे पॉइंट, नहाणी ट्रॅप, एसीचं भोक, दार कुठल्या बाजूला उघडतं. हे सगळं एका दिवसात होत नाही. लोक बीम विसरतात, आणि मग माळ्यापर्यंतचं कपाट बीमला जाऊन धडकतं.

नंतर 1:50च्या प्रमाणात प्लॅन काढा, प्रत्येक भिंतीचं एलेव्हेशन (समोरून दिसणारं ड्रॉइंग) 1:20ने. मग चार दिवसांनी फक्त आपल्या ड्रॉइंगवरून खोलीतली दहा अंतरं सांगा आणि प्रत्यक्ष मोजून पडताळा. 5 मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तर पुन्हा मोजा. हे काम कंटाळवाणं वाटलं तर करिअरचा विचार थांबवून ठेवा, कारण पुढची तीस वर्षं हेच करायचं आहे. आवडलं तर तुम्ही योग्य ठिकाणी आहात.

मापटं

हे वरती धाग्याच्या मजकुरात जोडतो. सुतारकामाबद्दल कोणी सविस्तर लिहील का? नव्या मुलांचं एस्टिमेट तिथेच चुकतं.

आठ_बाय_चार

लिहितो. एका साध्या कपाटावर दाखवतो: 7 फूट उंच, 6 फूट रुंद, 2 फूट खोल, मधे एक उभी पार्टिशन, चार शटर (दारं). हे गणित एकदा हाताने केलं की प्लाय समजतो.

चौरस फुटांचा हिशोब आधी. दोन बाजू 28, वर-खाली 24, पार्टिशन 14, तीन-तीन फुटांचे पाच कप्पे 30, शटर 42. बेरीज 138 चौ. फूट. एक शीट 8 बाय 4, म्हणजे 32 चौ. फूट. 138 भागिले 32, सव्वाचार आणि वर थोडं. नवशिका पाच शीट लिहितो.

आता तेच तुकडे शीटवर मांडा. 4 फुटांच्या रुंदीतून 2 फुटी दोन पट्ट्या निघतात. बाजूंना दोन पट्ट्या, पार्टिशनला एक, वर-खाली दोन (प्रत्येकी 2 फूट उरतं), कप्प्यांना एका पट्टीत दोनच, म्हणजे अडीच. झाल्या साडेसात पट्ट्या, चार शीट. शटर 18 इंची. 48 इंचांत 18 दोनदाच बसतं आणि 12 इंच उरतात, म्हणून चार शटरना दोन शीट. एकूण सहा. ड्रॉवर, स्कर्टिंग उरलेल्या पट्ट्यांतून निघतात. पाठ 6 मिमीची, 7 बाय 6, म्हणजे आणखी दोन शीट पातळ प्लाय. चौरस फुटांना भागून एस्टिमेट दिलं असतं तर एक पूर्ण शीट डिझायनरच्या खिशातून गेली असती. कटिंग लिस्ट काढल्याशिवाय भाव सांगू नये, ते यासाठी.

दुसरी गोष्ट कपाटाच्या खोलीची. 1220 मिमीतून दोन पट्ट्या म्हणजे 610 नव्हे. करवतीचं पातं 3-4 मिमी खातं, आणि कारखान्याची कड थोडी साफ करावी लागते. खोका 600 धरा. त्यावर 18 मिमी शटर आणि लॅमिनेट, म्हणजे बाहेरून 620 भरतं. प्लॅनवर 600 काढलं आणि शेजारी दाराची चौकट किंवा स्विचबोर्ड असेल तर नेमके ते 20 मिमी नडतात.

बिजागऱ्या: 7 फुटी शटरला चार, म्हणून एकूण 16. पण सगळ्या एकसारख्या नाहीत. बाहेरच्या बाजूंवर शटर पूर्ण झाकतं, तिथे झिरो क्रँकच्या (क्रँक म्हणजे बिजागरीच्या हाताचा बाक) आठ. मधल्या पार्टिशनवर दोन शटर एकाच 18 मिमीवर येतात, तिथे 8 क्रँकच्या आठ. आत बसणाऱ्या शटरला 16 क्रँक. यादीत नुसतं "बिजागऱ्या 16" लिहिलं की दुकानदार सगळ्या झिरोच्या देतो आणि मधली शटर एकमेकांवर चढतात.

ड्रॉवरचं टेलिस्कोपिक चॅनेल दोन्ही बाजूंना 13-13 मिमी मागतं. आतली मोकळी रुंदी 860 असेल तर ड्रॉवरचा खोका बाहेरून 834. ही मोकळी रुंदी आतलं लॅमिनेट चिकटवल्यानंतर मोजायची. आधी मोजली तर दोन बाजूंचं मिळून दीड मिमीच्या वर जातं आणि चॅनेल घासत चालतं.

ओळंबा

शटर वाकण्याबद्दलही लिहा. ग्राहकाची पहिली तक्रार तीच येते.

आठ_बाय_चार

वाकतं ते दोन कारणांनी. एक, बाहेरून 1 मिमी लॅमिनेट आणि आतून काहीच नाही किंवा नुसता रंग. दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहत नाही, शटर लॅमिनेटच्या बाजूला ओढलं जातं. आतून 0.8चं लायनर (आतल्या बाजूचं पातळ लॅमिनेट) लावलंच पाहिजे. दोन, 7 फुटांच्या वर 18 मिमी प्लाय. उंच शटरला ब्लॉकबोर्ड जास्त सरळ राहतो, कारण आतल्या लाकडी पट्ट्या उंचीच्या दिशेने असतात. मात्र ब्लॉकबोर्ड सिंकखाली वापरू नका.

प्लायवर शिक्का बघायला शिका. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस 303 म्हणजे एमआर (ओलावा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तग धरणारा), आयएस 710 म्हणजे मरीन. बेडरूमच्या कपाटाला एमआर पुरतो, स्वयंपाकघरात बीडब्ल्यूआरच्या खाली जाऊ नका, सिंकच्या खोक्याला 710. सगळ्या घराला मरीन लावून बिल फुगवणं बरोबर नाही.

कोकणपट्टा

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्याच्या बाजूला काम करणाऱ्यांसाठी भर. किनाऱ्याजवळ साध्या बिजागऱ्या आणि चॅनेल गंजतात. एसएस 304च्या (स्टेनलेस स्टीलच्या) मागवा, स्क्रूसुद्धा. जांभ्याच्या भिंतीत ओल राहते, म्हणून कपाटाची पाठ भिंतीला चिकटवू नका, पट्ट्या मारून 20-25 मिमी हवा खेळती ठेवा. वाळवीचं औषध सुतारकामाआधी भिंत-जमिनीच्या सांध्यात. आणि उन्हाळ्यात घट्ट बसवलेलं लाकडी दार जुलैत अडकतंच. चौकटीशी निदान 3 मिमी फट ठेवा आणि दाराच्या खालच्या-वरच्या कडेला पॉलिश किंवा सीलर मारा. ती कड कोणी बघत नाही म्हणून कोरी राहते आणि पाणी तिथूनच शिरतं.

ओटा_चौतीस

स्वयंपाकघर हा खरा कस आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ओट्याची उंची 34 इंच असं सगळे पाठ करतात. ते सरासरीचं माप झालं. जी व्यक्ती रोज तिथे उभी राहते तिच्या कोपरापासून 4 ते 6 इंच खाली ओटा हवा. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईसाठी 33-34 ठीक बसतं. पण ओट्यावर ठेवायची शेगडी असेल तर तिची 4-5 इंच उंची वर वाढते, त्यावर कुकर. मग खांदा उचलून ढवळावं लागतं. शेगडीकडचा भाग 32वर घेता आला तर घ्या. पोळ्या लाटण्याची जागाही थोडी खाली बरी, कारण लाटताना वरून जोर द्यायचा असतो. हे ग्राहकाला पोळपाट ठेवून, लाटून बघायला सांगा. विटा आणि फळी लावून उंची पाचच मिनिटांत ठरते.

ओटा 24 इंच खोल, वरची कपाटं 12-14 इंच. दोघांत 24 इंच अंतर. खाली स्कर्टिंग 4 इंच उंच आणि 3 इंच आत, नाहीतर पायाची बोटं आदळतात. चिमणी शेगडीपासून 26 ते 30 इंच वर, 6 इंची पाइप, वळणं कमीत कमी. पाइप पाच फूट लांब नेऊन तीन कोपरे दिले तर महागडी चिमणीही धूर ओढत नाही, आणि ग्राहक चिमणीला दोष देतो.

कडप्प्याच्या उभ्या फळ्यांवर जुन्या पद्धतीचा ओटा असेल आणि त्यात ट्रॉल्या बसवायच्या असतील, तर प्रत्येक गाळ्याची रुंदी वर, मधे, खाली आणि पुढे-मागे मोजा. त्यातलं सगळ्यात कमी माप ट्रॉलीला द्यायचं. कडप्पा ओळंब्यात क्वचितच असतो. सरासरी काढली की ट्रॉली आत जात नाही. हे माप टाइल लावून झाल्यावर घ्यायचं, आधी नाही.

ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेखाली पाणी अडवणारी बारीक खाच मारून घ्या. ती नसेल तर सांडलेलं पाणी कडेवरून वळून थेट शटरच्या डोक्यावर जातं आणि वर्षभरात लॅमिनेट सुटतं. एका खाचेच्या मजुरीत हे वाचतं.

वायरमन

विजेचं थोडक्यात. दिव्यांना 1.5 चौ. मिमी, पॉवर सॉकेटला 2.5, एसी आणि गीझरला 4. झिरी (वायर-नळासाठी भिंतीत खोबण) मारण्याआधी फर्निचरचा लेआउट पक्का झालेला असावा. पलंगाचं डोकं कुठे हे ठरलं नाही तर बोर्ड हेडबोर्डच्या मागे जातो. किंग साइझ गादी 72 बाय 78 इंच, दोन्ही बाजूंना टेबल धरून भिंतीवर खुणा करा, मग बोर्ड. झिरी मारलेल्या प्रत्येक भिंतीचा फोटो टेप लावून काढा. पुढे कोणी ड्रिल मारताना तोच फोटो वाचवतो.

नवी_वाट

सगळं टिपून घेते आहे. साइटवर कामाचा क्रम काय असतो? आणि तो चुकला तर नेमकं काय बिघडतं?

गुण्या

तोडफोड, बांधकाम, नळ आणि विजेची झिरी, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, फरशी, फॉल्स सीलिंगचा सांगाडा आणि बोर्ड, सुतारकाम, पुट्टी-प्रायमर, रंगाचा पहिला हात, फिटिंग, रंगाचा शेवटचा हात, सफाई. पुट्टी सुतारकाम संपता संपता सुरू होते, त्यामुळे हा क्रम थोडा एकमेकांत शिरतो.

बाथरूममध्ये टाइलआधी 48 तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या मजल्याचं छत बघा. घाईत हे टाळलं जातं आणि नंतर सगळ्या टाइल फोडाव्या लागतात. नवीन प्लास्टरवर ओल असताना पॅनेलिंग चिकटवलं तर लॅमिनेटला फुगे येतात. सीलिंगच्या आधी एसीचे पाइप आणि ड्रेनचा उतार तपासा. एकदा बोर्ड लागला की उतार बदलता येत नाही आणि पाणी खोलीत टपकतं.

जिप्सम सीलिंगमध्ये बोर्ड 12.5 मिमी, आडवे सेक्शन 457 मिमीवर, वरचे मुख्य चॅनेल 1220वर. ठेकेदार सेक्शन 600वर टाकून सामान वाचवतो, आणि बोर्ड मधे झुकतो. बोर्ड चढण्याआधी जाऊन मोजा. पंख्याचा हूक स्लॅबला असतो, सीलिंगला नाही, हेही ड्रॉइंगवर लिहा. झुंबराचंही तेच.

बीम-कॉलमला हात लावायचा नाही. सोसायटीची परवानगी, अनामत, कामाच्या वेळा, राडारोडा कुठे टाकायचा हे पहिल्याच दिवशी लेखी घ्या. नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी रेरा कायद्याने बिल्डरवर आहे. आपण भिंती तोडल्या की तो आपल्याकडे बोट दाखवतो. म्हणून तोडण्याआधी जसं होतं तसं फोटोंसकट नोंदवा.

हिशोबवही

फी. तीन पद्धती चालतात: चौरस फुटावर, कामाच्या खर्चाच्या टक्क्यांवर, किंवा सामान-मजुरीसकट ठोक. नव्या माणसाने ठोक घेऊ नये. वर सहा शीटचं उदाहरण आलंच, अशा पाच चुकांत सगळी कमाई जाते.

टक्केवारीतही एक अडचण आहे. समजा 10 लाखांचं काम आणि 10 टक्के फी. ग्राहकाने स्वस्त लॅमिनेट निवडून काम 8 लाखांत आणलं की तुमची फी 80 हजार होते, श्रम तेवढेच. म्हणून फीची रक्कम आरंभीच्या एस्टिमेटवर गोठवा आणि टप्प्यांत घ्या: सुरुवातीला 20 टक्के, लेआउट मंजूर झाल्यावर 30, वर्किंग ड्रॉइंग दिल्यावर 30, काम सुरू असताना 15, शेवटी 5. शेवटी जास्त ठेवली तर ती अडकते. किती वेळा डिझाइन बदलून देणार आणि आठवड्याला किती साइट-भेटी, हे आकड्यात लिहा.

दुकानदाराकडून मिळणारं कमिशन हा नाजूक विषय आहे. माझं मत स्पष्ट आहे: घ्यायचं असेल तर ग्राहकाला सांगून घ्या, नाहीतर ती सूट त्याच्या बिलात जाऊ द्या. लपवलेलं कमिशन प्लायच्या दर्जातून वसूल होतं.

करांचं: सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाख, डिझाइन सेवेवर दर 18 टक्के. आयकर कायद्यात हिशोबाच्या वह्यांच्या कलमात इंटीरियर डेकोरेशन हा व्यवसाय नाव घेऊन दिलेला आहे, त्यामुळे हिशोबाच्या वह्यांबद्दल सीएला पहिल्याच वर्षी विचारा.

नवी_वाट

नोकरीसाठी ऑफिसमध्ये जाताना पोर्टफोलिओत काय असावं? रेंडर किती?

ओळंबा

रेंडर तीन-चार पुरेत. त्याऐवजी एका खोलीचा पूर्ण संच न्या: मोजमापाचा प्लॅन, फर्निचर लेआउट, विजेचा लेआउट, चारही एलेव्हेशन, एका कपाटाचा छेद 1:5ने, कटिंग लिस्ट आणि हार्डवेअरची यादी क्रँकसकट. हे एका फ्रेशरने आणलं की मुलाखत घेणारा रेंडर उघडतच नाही.

बाजारही फिरून या. मुंबईत दिव्यांसाठी लोहार चाळ, पुण्यात प्लाय-लाकडासाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. वस्तू हातात घेऊन वजन बघा, भाव विचारा, लिहून ठेवा.

चित्रकला_नाही

घरातल्या हॉलचं मोजमाप घेतलं. दोन्ही कर्णांत 38 मिमीचा फरक येतो आहे. टीव्ही युनिट भिंतीपासून भिंतीपर्यंत करायचं असेल तर कुठलं माप धरू?

गुण्या

युनिट जिथे बसणार त्या 16-18 इंच खोलीतच रुंदी मोजा, मागे आणि पुढे, वर आणि खाली. त्यातलं कमीत कमी माप घ्या, त्यातून 10 मिमी कमी करून खोका सरळ गुण्यात बनवा. दोन्ही टोकांना पुढून फट झाकणाऱ्या सुट्या पट्ट्या ठेवा, त्या मिस्त्री जागेवर भिंतीच्या तिरकेपणाप्रमाणे तासून बसवेल. खोका भिंतीप्रमाणे तिरका करू नका, शटर कधीच सरळ लागणार नाहीत. आणि प्लॅनवर तो 38 मिमीचा फरक लिहून ठेवा, फरशीवालाही तोच विचारेल.